पोर्ट तेवीस

जिन्याखाली, फिनेलच्या कॅनशेजारी,
लोखंडी कपाटात चोवीस डोळ्यांचा स्विच.
किल्ली वॉचमन गौतम हत्तीअंबिरेकडे.
तो म्हणाला, हळू उघडा मॅडम, आत पाल ऱ्हाती.

सेलूचा सरकारी दवाखाना. फेब्रुवारी.
एकच फायबर येते परभणीहून,
वाटेतल्या जेसीबीच्या मर्जीनं.
तक्रार अशी की एक्स-रे संभाजीनगरला पोचता पोचत नाहीत
आणि डॉक्टर तहसीन हॅलो हॅलो करतात तेव्हा
पलीकडच्या हृदयवाल्या डॉक्टरांचं तोंड
मासोळीसारखं नुसतं उघडतं, मिटतं.

मी दोन दिवस मोजत बसले.
पोर्ट चार, आस्थापना शाखा: दुपारभर क्रिकेट.
पोर्ट नऊ: सोळा कॅमेरे,
त्यातले सहा रिकाम्या सायकल स्टँडकडे टक लावून.
पोर्ट तेवीस: व्हरांड्यातलं फुकटचं वायफाय,
नातेवाइकांसाठी.

मग एकेकाला वेसण घातली.
चारला दोन एमबी. नऊला पाच.
बोलण्याला पहिली रांग, एक्स-रेला दुसरी,
आणि तेवीसला तळाची:
वरच्या रांगा रिकाम्या झाल्या तर तुझी पाळी,
नाही झाल्या तर नाही.
स्विचनं हू की चू केलं नाही.
यंत्राला भीड नसते, हे बरं वाटलं तेव्हा.

माझे वडील, दगडूबा, नगरपालिकेत व्हॉल्व्हमन.
सायकलच्या दांडीला बांधलेली लांब चावी,
कुठल्या गल्लीला किती आटे ते मनगटाला पाठ.
आठ दिवसांनी पाणी, तेही पाऊण तास,
आणि आमची गल्ली उताराच्या उलट अंगाला.
आई भांडायची, स्वतःच्या घरी तरी एक आटा जास्त द्या.
ते चहा बशीत ओतत म्हणायचे,
आट्यानं पाणी वाढत नसतंय गं.
कोण थांबणार, तेवढंच ठरतंय.

रात्री अकराला चाचणी बघत थांबले होते.
वर एकामागून एक चौदा एक्स-रे सुरळीत चाललेले,
मी खूश.
व्हरांड्यात एक म्हातारी, कडेवर दीड दिवसाची नात,
दुसऱ्या हातात फोन.
फोनवर गोल फिरतोय. फिरतोच आहे.
तिनं काच पदरानं पुसली. पुन्हा पुसली.
मला म्हणाली, बाई, बघ की जरा,
पोरगं कर्नाटकात उसाला गेलंय,
त्याला लेक दावायची व्हती,
रेंजच मरून गेलीया.

रेंज मेली नव्हती.
ती माझ्या तळाच्या रांगेत उभी होती,
संध्याकाळी सहापासून.

पुन्हा कपाट. पुन्हा पाल.
रांगांचा नियमच बदलला:
दहातला एक भाग तेवीसचा,
वर कुणीही येवो.
डॉक्टर तहसीनना विचारलं,
एक्स-रेला चार सेकंद जास्त लागतील, चालेल?
त्या सिरिंज भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
एवढं भरायलाच तेवढे लागतात.

आधी कपाळ आलं, चौकोना-चौकोनानं,
मग केसात अडकलेलं पाचट,
मग अख्खा माणूस, खोपीसमोर, बॅटरीच्या उजेडात.
त्याचं पहिलं वाक्य:
आये, बल्बाखाली हो की, तोंड दिसंना तिचं.

मी बसस्टँडपर्यंत आले आणि पाय थांबले.
बदल साठवलेच नव्हते.
पहाटे लाइट जाणार, स्विच सगळं विसरणार,
पुन्हा जो ढकलील त्याची लाइन.
उलटी गेले. गौतम झोपेत म्हणाला, काय ऱ्हायलं?
एक शब्द, म्हटलं. आणि टाइप केला.

पाल तेवीसच्या हिरव्या ठिपक्याशी बसलेली.
उजेडाला येणारा एक-एक किडा
सावकाश टिपत होती.